यान स्टेनची चित्रं दारूच्या विरोधात आहेत की पार्टीच्या बाजूने?

रंगवेडी: व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममधलं डच चित्रकार यान स्टेनचं 1663 चं चित्र झूम करून बघत बसलेय. घरची बाई टेबलापाशी पेंगलीये, कुत्रा टेबलावर चढून खाणं फस्त करतोय, पिंपातली वाइन जमिनीवर वाहतेय, माकड घड्याळाशी खेळतंय, एक पोरगं पाइप ओढून बघतंय. कोपऱ्यातल्या पाटीवर म्हण आहे, साधारण ‘सुखात असाल तेव्हा जपून’ अशी. पण खरं सांगू का, हे बघून दारू सोडावीशी वाटणं राहिलं बाजूला, यांच्यातच जाऊन बसावंसं वाटतं. मग याला उपदेशाचं चित्र का म्हणतात?

जुनाकॅनव्हास: आता छताकडे झूम कर. टोपली टांगलेली दिसेल, त्यात कुबडी, तलवार, छडी, म्हणजे या मंडळींच्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते सगळं, आणि खालच्यांना त्याचा पत्ताच नाही. आणि स्टेनला दारूचं वावडं कुठलं असायला, बाप लायडनचा ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, हा स्वतः 1650 च्या दशकात डेल्फ्टला ब्रुअरी चालवत होता आणि 1672 मध्ये लायडनला गुत्त्याचं लायसन्स घेतलं. हेगच्या मॉरित्सहाउस म्युझियममधल्या त्याच्या ‘मोठे गातात तसं पोरं वाजवतात’ या म्हणीवरच्या चित्रात पोराला पाइप ओढायला शिकवणारा हसरा बाप आहे ना, तो स्टेन स्वतःच.

ठोकळेबाज: असला गुळमुळीत उपदेश काय कामाचा. इंग्रज चित्रकार क्रुकशँकची ‘द बॉटल’ ही चित्रमालिका बघा, 1847, आठ प्रिंट्स. पहिल्यात भरल्या घरात नवरा बायकोला ‘थोडीशीच घे’ म्हणून आग्रह करतोय, तिसऱ्यात जप्तीवाले सामान उचलून नेतायत तरी हे दोघं बाटलीला धरूनच, पाचव्यात धाकटं मूल गेलेलं, सातव्यात त्याच बाटलीने तो बायकोचा जीव घेतो. क्रुकशँकने नंतर स्वतःही दारू कायमची सोडली. याला म्हणतात मेसेज.

जुनाकॅनव्हास: मेसेज आहे हो, पण पहिलं प्रिंट बघितलं की आठवं कळतं. शिवाय काळ वेगळा. स्टेनच्या हॉलंडमध्ये पातळ बिअर घरात सर्रास, पोरंसुद्धा प्यायची. त्याचा रोख प्यायलेल्या ग्लासावर नाहीच, घरात कुणाचं लक्ष नाही यावर आहे.

रंगवेडी: कुणाचं म्हणजे बाईचं! ती जरा पेंगली की घर बुडालं, आणि तो पुरुष शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर पाय टाकून बसलाय त्याचं काय? या बाबतीत क्रुकशँक बरा म्हणायचा, बाटली घरात कुणी आणली ते तरी स्पष्ट दाखवतो. टोपली मात्र मला अजिबात दिसली नव्हती, धन्यवाद. स्टेनच्या चित्रातल्या डुकराच्या तोंडात काय आहे तेवढं कुणी सांगा, फूल की पिंपाची तोटी?