विज्ञान दिनाच्या टेबलावर पल्सर कसा समजावायचा?

रेडिओ_आकाश:
२८ फेब्रुवारीच्या प्रदर्शनात आमच्या गटाला एक टेबल मिळालंय. विषय पल्सर (स्वतःभोवती वेगाने फिरत ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचे ठोके पाठवणारा मृत तारा) आणि रेडिओ दुर्बीण. येणार ती आसपासच्या शाळांतली मुलं आणि गावकरी, त्यामुळे सगळं मराठीत. पोस्टर तयार आहे, पण त्यावर नुसते आलेख आहेत. एका घोळक्याला तीन-चार मिनिटं मिळतील. हाताने करून दाखवण्यासारखं काय ठेवावं? लोकांचा घोटाळा नेमका कुठे होतो?

छत्रीवाला:
पोस्टर मागे टांगा आणि पुढे घरावरची ६० सेंमीची टीव्हीची छत्री ठेवा. एलएनबी (छत्रीसमोर दांड्यावर असतो तो लहरी पकडणारा डबा) आणि सेट-टॉप बॉक्सच्या मधे काट्याचा सॅटेलाइट फाइंडर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर, जोडा. बॉक्स चालूच ठेवायचा, कारण एलएनबीला लागणारे १३ ते १८ व्होल्ट त्याच वायरीतून येतात. छत्री उत्तरेच्या मोकळ्या आकाशाकडे करून फाइंडरचं बटण काटा जेमतेम हलेल इतकंच फिरवा. मग छत्री सूर्याकडे वळवा, काटा चढतो. छत्री परत उत्तरेकडे करून एलएनबीसमोर तळहात धरा, पुन्हा चढतो. प्रत्येक उबदार वस्तू रेडिओ लहरी सोडते, हे तिथे बोलून सांगावंच लागत नाही.

फसतं ते नेम धरताना. ही छत्री ऑफसेट असते, तोंड दिसतं त्याच्या वीस-पंचवीस अंश वर बघते. तिच्यावर नखाएवढे आरशाचे दोन-तीन तुकडे चिकटवा. कवडसा एलएनबीवर पडला की नेम बरोबर. पूर्ण छत्रीला चकचकीत कागद लावू नका, एलएनबीचं प्लास्टिक वितळेल.

दुसरी अडचण तारखेची आहे. फेब्रुवारीअखेर सूर्य टीव्ही उपग्रहांच्या आकाशातल्या रांगेपासून जेमतेम ५ अंशांवर असतो, आणि छत्रीची नजरच सुमारे ३ अंश रुंद. भर दुपारी काटा कुणामुळे चढला ते कळत नाही. सूर्य सकाळी ९ च्या आत किंवा दुपारी ४ नंतर दाखवा, मधे तळहात आणि भिंत. खात्री करायची तर कवडसा एलएनबीवरून बाजूला सरकवा. काटा पडला नाही तर तो उपग्रह आहे.

स्पंदक:
सगळ्यात मोठा घोटाळा ‘आवाजा’चा. स्पीकरवर पल्सर ऐकवला की लोक समजतात दुर्बिणीला आवाज ऐकू येतो. म्हणून वाजवण्याआधीच सांगा: अवकाशातून आवाज येत नाही, लहरी येतात. अँटेनात त्यांचा विजेचा बारीक प्रवाह होतो आणि तो आपण स्पीकरला दिलाय, तुमच्या घरच्या रेडिओसारखाच.

क्रमही महत्त्वाचा. आधी बी०३२९+५४ नावाचा पल्सर लावा. त्याचे ठोके ०.७१ सेकंदाला एक, म्हणजे मिनिटाला ८४. मुलांना स्वतःची नाडी धरायला लावा, जवळपास तोच वेग लागतो. मग वेला नावाचा पल्सर, सेकंदाला ११ ठोके. टाळ्या वाजवून गाठा म्हणावं, कुणाला जमत नाही. सूर्याहून जड गोळा सेकंदात ११ गिरक्या घेतो, हे त्या क्षणी पटतं. उलट क्रमाने लावलं तर नुसती घरघर वाटते.

प्रकाशवर्ष हा शब्द टाळाच, लोक त्याला काळाचं माप समजतात. वेलाच्या लहरी निघून ९०० वर्षांहून जास्त झाली. ज्ञानेश्वरांचा जन्मही तेव्हा व्हायचा होता, एवढं सांगा.

जाळी_आणि_दोर:
खोडदच्या जीएमआरटीचा, म्हणजे जाळीच्या तबकड्यांच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीचा, फोटो लावलात तर पहिला प्रश्न ठरलेला: ‘एवढ्या जाळीतून लहरी निसटत नाहीत का?’ त्याची तयारी ठेवा. एका रेडिओ लहरीच्या लांबीइतकी, २१ सेंमीची पट्टी कापा आणि शेजारी १ सेंमी भोकांची जाळी ठेवा. लहर भोकापेक्षा वीसपट लांब, म्हणून जाळी तिला सलग पत्र्यासारखीच. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे ४५ मीटर व्यासाची तबकडी हलक्या सांगाड्यावर पेलते.

दुसरा प्रश्न, ३० तबकड्या कशाला? ‘इंटरफेरोमेट्री’ (अनेक तबकड्या जोडून एकच दुर्बीण करणं) हा शब्द वापरू नका. तालुक्याच्या नकाशावर Y काढा आणि तबकड्यांच्या जागी टाचण्या लावा. दोन टोकं २५ किमीपर्यंत लांब जातात. बारकावा या अंतराने ठरतो, एकट्या तबकडीच्या आकाराने नाही. टाचण्या मुलांनाच लावू द्या, आपापल्या गावाजवळ कोणती येते ते शोधण्यात ती रमतात.

आणि ‘काही शंका?’ असं विचारू नका, सगळे गप्प बसतात. काटा हलवण्याआधी विचारा, ‘सूर्याने जास्त चढेल की तुमच्या हाताने?’

रेडिओ_आकाश:
छत्री आणि बॉक्स आजच मिळवतो. आलेखांतला फक्त वेलाच्या ठोक्यांचा ठेवतो, बाकी काढतो.