सोलापुरी संवादांत ‘बे’ किती नि कुठं घालायचा?

प्रश्न (नाटकवेडा): एकांकिका सोलापुरात घडते. पात्रं तीन: यंत्रमाग कामगार, रिक्षावाला आणि बाळीवेशीतली आजी. सध्या प्रत्येक वाक्यात ‘बे’ आणि ‘लई भारी’ पेरलंय. वाचताना खोटं वाटतं. काय चुकतंय?

काठीवाला: ‘लई’ अख्ख्या दक्षिण महाराष्ट्रात चालतं, त्यावरून सोलापूर कळत नाही. कान पकडतो तो क्रियापदावर. ‘करायला लागलास’ दाबून ‘करलालास’ होतं, अर्थ मात्र ‘करतो आहेस’ एवढाच. ‘काय करलालास बे?’ ‘येलालो की, थांब.’ बाईला ‘करलालीस’. एवढं जमलं तर पानभर संवादात ‘बे’ तीन-चारदाच पुरे.

आणि ‘बे’ फक्त बरोबरीच्याला किंवा धाकट्याला. रिक्षावाल्यानं वयस्क गिऱ्हाइकाला ‘बे’ म्हटलं तर प्रयोगाला आलेला सोलापूरकर तिथंच हसेल. तिथं ‘ओ मामा’, ‘ओ अण्णा’. बायकांत आपसात ‘गं’.

पूर्वभागकर: नावंही तपासा. कामगार पूर्व भागातला, म्हणजे साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक इकडचा असेल तर घरात तेलुगू असण्याची शक्यता मोठी. मग नाव नरसय्या, अंबय्या असं शोभतं. बाळीवेशीतली आजी लिंगायत असेल तर गौरव्वा, नागव्वा. तिच्या नवऱ्याचं नाव सिद्रामप्पा, ग्रामदैवत सिद्धरामावरून. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ मात्र दोन्हीकडे चालतात, कारण तेलुगू आणि कन्नड दोन्हींत थोरला भाऊ अण्णा आणि थोरली बहीण अक्काच.

नाटकवेडा: रिक्षावाल्याच्या तोंडी ठिकाणं कशी येतील? नकाशावरची नावं घेतली आहेत.

काठीवाला: तीच बदला. धर्मवीर संभाजी तलाव कुणी म्हणत नाही, कंबर तलाव. इंदिरा गांधी स्टेडियम म्हणजे नुसतं ‘पार्क’. हुतात्म्यांचा चौक म्हणजे ‘चार पुतळा’. 1930 साली ब्रिटिशांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या प्रकरणात 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेले चौघे, त्यांचे पुतळे. ‘वेस’ म्हणजे जुन्या गावकुसाचा दरवाजा. आता बाळीवेस, कुंभारवेस, विजापूर वेस ही ठिकाणांची नावं, त्यामुळे ‘वेशीच्या दारात उभा राहतो’ असलं वाक्य लिहू नका.

प्रसंग संक्रांतीचा असेल तर ‘सिद्धेश्वर यात्रा’ निवेदकाला द्या, पात्रांना ‘गड्डा’: ‘गड्ड्याला येलालास का बे?’ यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच, सजवलेल्या काठीला नंदीध्वज हा छापील शब्द, गर्दीत ती नुसती ‘काठी’. काठ्या सात, कुणी पाच म्हणालं तर प्रेक्षकच ओरडतील.

पूर्वभागकर: रिक्षावाला पंढरपूर-सांगोल्याकडचा केलात तर हे सगळं बिघडतं. तिकडं ‘बे’ कमी, ‘लका’ जास्त. अक्कलकोटचा असेल तर मधूनच कन्नड वाक्य येऊ द्या. ते कन्नड घरी बोलणाऱ्या माणसाकडूनच लिहून घ्या, अंदाजानं नको.