चीनमधली पोरं एवढी मास्टर्सच्या मागे का लागतात?

रानवारा: २०२३ च्या काओयान म्हणजे चीनमधल्या मास्टर्सच्या प्रवेश परीक्षेला म्हणे ४७ लाख ४० हजार जणांनी फॉर्म भरले होते, एवढ्या सगळ्यांना रिसर्चच करायचाय का?

चहाबाज: नाही हो, मुख्य कारण नोकरी. त्याच वर्षी जूनमध्ये शहरांतल्या १६ ते २४ वयाच्या तरुणांतली बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली होती, मग नुसत्या बीएला कोण विचारणार, पोरं म्हणतात दोन-तीन वर्षं शिकू तोवर बाजार सुधारेल. मला हे फार काळजीचं वाटतं.

पिंपळपान: अजून एक, कॉलेजचं नाव. बारावीनंतरच्या गाओकाओ या कॉलेज प्रवेश परीक्षेत मार्क कमी पडले की साधं कॉलेज मिळतं आणि मोठ्या कंपन्या ९८५, २११ या नामवंत विद्यापीठांच्या सरकारी यादीतली विद्यापीठं बघतात, म्हणून काओयान ही दुसरी संधी. डिसेंबरात साधारण दोन दिवस, बहुतेक विषयांना चार पेपर, ५०० मार्क, त्यात राजकीय विचारांचा पेपर बहुतेकांना कंपल्सरी! टॉपर मुलांना बाओयानमधून लेखी परीक्षेशिवाय सीट मिळते, त्यामुळे बाकीच्यांना जागा अजून कमी.

रानवारा: मग आकडा वाढतोच आहे का?

चहाबाज: नाही, २०२५ ला ३८ लाख ८० हजारावर आला. बरेच जण आता सरकारी नोकरीच्या परीक्षेकडे वळलेत, मास्टर्स करूनही नोकरीची खात्री नाही हे त्यांना दिसतंय ना.