मदत हवी आहे : संत्र्याच्या गाड्यांवरील चालकांच्या विश्रांतीची योजना कागदावरून रस्त्यावर कशी आणावी?

नमस्कार.

मी वरुड तालुक्यातील एका शेतकरी गटाच्या वाहतुकीचे काम पाहतो. गटाकडे तीन गाड्या, पाच चालक आणि तीन क्लीनर आहेत. संत्र्याच्या आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या पिकाचा) तोडा सुरू झाला की आमच्या गाड्या वाशीच्या बाजारापर्यंत सातशेहून अधिक किलोमीटरच्या खेपा सतत करतात. गेल्या हंगामात समृद्धी महामार्गावर पहाटे चारच्या सुमारास आमची एक गाडी कडेच्या लोखंडी कठड्याला घासत गेली. चालक सुखरूप राहिला, परंतु त्याआधीची काही मिनिटे त्याला आठवतच नव्हती.

हा चालक निर्व्यसनी आणि अनुभवी आहे. त्या दिवशी तो पहाटे पाचला उठला, दुपारपर्यंत स्वतःच्या शेतात राबला, हमाल कमी पडले म्हणून संध्याकाळी त्याने कॅरेट भरायला हात लावला आणि रात्री दहाला गाडी काढली. म्हणजे निघतानाच त्याला जागून सतरा तास झाले होते. सतरा तास जागलेल्या माणसाची तत्परता, शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. हे वाचल्यापासून मला स्वस्थता नाही, कारण गाडी सोडण्याची चिठ्ठी मीच लिहिली होती.

त्यानंतर मी एक योजना तयार केली. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने जहाजांवरील माणसांसाठी जी पद्धत बसवली, तिच्यातील मुख्य विचार मला पटला : थकव्याचा दोष एकट्या माणसावर न टाकता, त्याची झोप तोडणारे वेळापत्रकच कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन बदलावे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने लांब पल्ल्यासाठी घातलेली दिवसाला दहा तासांची मर्यादा आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती हे नियम आधाराला घेतले. शरीर सर्वाधिक मंदावते त्या पहाटे दोन ते पाच या वेळेत गाडी उभी ठेवायची, असेही लिहिले. नोंदवही दिली. महिनाभराने ती उघडली, तेव्हा प्रत्येक खेपेला तीच वेळ, तीच विश्रांती आणि एकाच शाईतल्या सह्या होत्या.

मी चालकांना दोष देत नाही. त्यांना खेपेवर पैसे मिळतात. गाडी तीन तास उभी राहिली की हंगामातल्या खेपा कमी होतात आणि ती तूट त्यांच्या घरात जाते. शिवाय दुसरा चालक सोबत असला, तरी खडखडणाऱ्या केबिनमध्ये त्याला लागलेली झोप तुटक असते, आणि कागदावर मात्र ती पूर्ण विश्रांती म्हणून धरली जाते.

माझा विचार असा आहे की गाडी रात्री दहाऐवजी पहाटे पाचला सोडावी, दोन्ही चालकांनी रात्री घरी झोपावे आणि भरणीला त्यांना हातच लावू देऊ नये. परंतु दुपारी पोहोचलेल्या गाडीचा उतरणीचा नंबर आधी लागतो, असे आडते सांगतात, त्यामुळे बागायतदार तयार होत नाहीत.

ज्यांनी प्रत्यक्ष गाड्या चालवल्या किंवा सांभाळल्या आहेत, त्यांना माझी विनंती आहे की पुढील बाबतींत अनुभव सांगावा. खेपेऐवजी महिन्याचा पगार आणि मुक्कामाचा वेगळा भत्ता दिल्यास गटाला तो हंगामात पेलतो का? भरणी दुपारी चारपर्यंत संपवायची, तर तोडा आदल्या दिवशी करून माल सावलीत ठेवण्याने फळाच्या टिकाऊपणावर किती परिणाम होतो? आणि ‘आज मला झोप झालेली नाही’ असे चालकाने सांगितल्यास त्याची खेप दुसऱ्याकडे जाऊनही त्याचे नुकसान होणार नाही, अशी सोय कोणी केली आहे का? पाचही चालकांना बसवून नवे वेळापत्रक ठरवण्याची बैठक मला तोडा सुरू होण्यापूर्वी घ्यायची आहे.