मदत हवी आहे : जुन्या घरात स्प्लिट एसी, वायरमन एक सांगतो आणि फिटर दुसरंच

मंडळी, दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आणून आठ दिवस झाले. खोकं अजून सोप्यात उभं आहे आणि आई त्याच्यावर सांडग्यांची ताटं ठेवायला लागली आहे. तेव्हा जरा लवकर सल्ला द्या.

घर सांगलीत, गावभागात. पुढची बाजू जुनी, कौलारू. मागची आईची खोली वडिलांनी नंतर काढली, तिच्यावर स्लॅब. एप्रिलमध्ये हा स्लॅब असा तापतो की रात्री दोन वाजताही पंखा गरमच हवा मारतो. आईचं वय ७८.

पहिला घोळ वायरिंगचा. आमचा नेहमीचा वायरमन म्हणतो, "फ्रिजच्या लाइनवरनंच घिऊया की, काय हुतंय त्याला?" ती लाइन दीड स्क्वेअरची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची), तिच्यावर फ्रिज आणि मिक्सर. कंपनीचा फिटर म्हणतो, मीटरपासून वेगळी चार स्क्वेअरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (करंट जादा झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग पाहिजे, नाहीतर मी हात लावणार नाही. अंतर साधारण १८ मीटर. हे वायरमनला सांगितलं तर म्हणाला, लईत लई अडीच घाला, चार म्हणजे दुकानदाराची धन. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं, म्हणून जाड वायरीने फरक पडेल का, हेही विचारायचं होतं.

त्यात परवा मी सॉकेट उघडून पाहिलं. अर्थच्या पिनेला न्यूट्रलमधूनच वायरीचा तुकडा मारलेला आहे! वायरमन म्हणतो, जुन्या घरात असंच करतात.

दुसरा घोळ आउटडोअरचा, म्हणजे बाहेरच्या कॉम्प्रेसरवाल्या युनिटचा. फिटरला तो परसात जमिनीवर स्टँड मारून ठेवायचा आहे, म्हणजे सोबत आलेल्या तीन मीटर पाइपात काम भागतं. पण सांगलीकरांना सांगायला नको, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ ला पाणी ५७ पर्यंत गेलं. आमच्या परसात तेव्हा छातीएवढं होतं. २०२१ ला पुन्हा घुसलं. तेव्हापासून घरातले सगळे बोर्ड मी सहा फुटांवर नेलेत, आणि आता नवाकोरा कॉम्प्रेसर जमिनीवर ठेवू? बोळातल्या भिंतीला लावला तर गरम हवा थेट शेजारच्या काकूंच्या खिडकीत. उरली गच्ची. तिथे पाइप सहा-सात मीटर लागेल. फिटर म्हणतो, कूलिंग कमी होईल आणि पाणीही वर चढणार नाही. खरं आहे का?

आणखी एक. व्हॅक्यूम पंप आणाल ना, असं विचारलं तर म्हणाला, "गरज नाही, थोडा गॅस सोडून पाइपातली हवा काढतो." एसीत आर-३२ गॅस आहे.

प्रतिसाद : जुना_वायरमन

आधी तो न्यूट्रलचा तुकडा काढा. आजच. फ्रिज आहे ना त्या लाइनवर? कुठे न्यूट्रल सुटला तर फेज सरळ फ्रिजच्या पत्र्यावर येतो आणि आईसाहेबांनी दार उघडलं की संपलं. अर्थिंग नसणं वाईट, पण हे त्याहून वाईट. परसात अर्थिंगचा नवा खड्डा घ्या, इलेक्ट्रोड पुरून घ्या, उन्हाळ्यात पाणी घालत राहा, कारण तुमच्याकडची काळी माती वाळली की भेगाळते. मग तिथून हिरवी वायर बोर्डापर्यंत. सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच. त्याला पैसे वाचवू नका.

वायरीचं म्हणाल तर तुमचा वायरमन दीडवर चुकलाय, अडीचवर नाही. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो. १८ मीटरवर अडीचमध्ये दोन व्होल्ट पडतील, चारमध्ये सव्वा. फरक एक व्होल्टसुद्धा नाही, तेव्हा तुमचे १९० काही त्यामुळे २३० होणार नाहीत. ती महावितरणच्या लाइनची गोष्ट. तरी मी चारच घालीन, कारण एसी तासन्तास चालतो, वायर पट्टीत कोंडलेली असते आणि कंपनीने चार मागितली असेल तर वॉरंटीला वाद नको. २० अँपिअरचा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा), सी कर्व्ह (चालू होतानाच्या झटक्याला न पडणारा) एमसीबी. एसी किती व्होल्टपर्यंत चालतो ते मॅन्युअलमध्ये बघून मगच स्टॅबिलायझर घ्या. बिलावर मंजूर भार किती आहे तेही बघा, कमी असेल तर वाढवून घ्या.

प्रतिसाद : मिरजेचा_फिटर

पाणी वर चढणार नाही म्हणे! पाणी इनडोअरमधून पडतं, त्याची नळी वेगळी असते आणि ती उतार देऊन परसातच सोडायची. आउटडोअर गच्चीवर गेला म्हणून तिला काय झालं? सहा-सात मीटर पाइप काही फार नाही, जादा मीटरला गॅस घालायचा का आणि किती, ते मॅन्युअलमध्ये असतं. वजनकाट्यावर मोजून घालायला सांगा. भिंतीतून बाहेर पडल्यावर पाइपला आधी खाली झोक द्या, मग वर न्या, नाहीतर पावसाचं पाणी पाइपावरून थेट खोलीत येतं. इनडोअर ते आउटडोअरची चार कोअर केबल अखंड घ्या, मध्ये जोड नको. तिसरी वायर सिग्नलची असते, जोड सैल झाला की एसी एरर दाखवून बंद पडतो आणि मग सगळे गॅसला नावं ठेवतात.

व्हॅक्यूमशिवाय हात लावू देऊ नका. पाइपात दमट हवा राहिली की ओल तेलात मिसळते आणि पुढे कॉम्प्रेसर खाते. शिवाय आर-३२ थोडा पेटणारा आहे, तो असा हवेत सोडायचा नसतो. पंप वीस मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा. गेजचा काटा परत चढला तर फ्लेअर, म्हणजे पाइपाचं तोंड पसरवून केलेला जोड, गळतोय.

बाय द वे, परसाच्या भिंतीला सात फुटांवर ब्रॅकेट का नाही? पुराच्या वर राहील आणि पाइपही कमी लागेल.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. तुकडा काल रात्रीच काढला, फ्रिज सध्या सोप्यातल्या सॉकेटवर आहे, तिथे अर्थिंग आहे. (हे आपलं मला वाटत होतं. शंभरचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये धरून पाहिला तर मिणमिणला, म्हणजे तेही अर्थिंग कमजोर. खड्डा दोन्हींसाठीच घेतोय.)

ब्रॅकेटसाठी परसाची भिंत ड्रिलने टोचून पाहिली. दोन इंच लाल भुकटी आली, मग नुसती माती. वडिलांनी ती जुनीच भिंत ठेवून वर स्लॅब टाकला की काय, असा नवा प्रश्न निघालाय. तेव्हा गच्चीच. फिटरला फोन केला, पंपाचे वेगळे पैसे सांगतोय. देतो म्हटलं, पण काटा मला दाखव. रविवारी येतोय. स्लॅबवर आउटडोअर ठेवायला खाली काय घालावं, रबर की सिमेंटचे ठोकळे? दुपारनंतर तिथे सरळ ऊन असतं.