पाहुण्यांना फोंतेन्हास दाखवायचंय, कसं फिरवू?

बी-३०२ सावंत वहिनी: नमस्कार मंडळी. शनिवारी साताऱ्याहून माझी नणंद आणि भाचरं येतायत. समुद्र बघणं होईलच, पण तिला पणजीतली ती रंगीत घरांची जुनी वस्ती बघायचीये. पर्वरीहून गाडी थेट आत जाते का?

ए-१०४ परब: आत नेऊच नका वहिनी. गल्ल्या अरुंद आणि तिथल्या लोकांनाच गाड्या लावायला जागा नाही. पाटोला बसस्थानकाच्या बाजूला लावा आणि खाडीवरच्या पादचारी पुलावरून चालत पलीकडे जा.

सी-२०१ केरकर काकू: परब बरोबर बोलतायत. माझी सगळी नोकरी पणजीत झाली, त्या गल्ल्यांतून किती वेळा चालले असेन. माझं ऐकशील तर रंगीत भिंतींपासून सुरुवात करू नकोस, आधी शेजारच्या मळा नावाच्या भागात जा. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी फॉन्त फेनिक्सचा झरा आहे. वस्ती इथं का झाली ते त्या झऱ्यापाशी उभं राहिलं की कळतं. मागं डोंगर, पुढं ओरेंची खाडी आणि मध्ये पाणी. आधी ही दलदलीची जागा आणि माडांची बाग होती. मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या आंतोनियो ज्युआंव द सिकेरा यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ती लावली. लोक त्यांना ‘मोसमीकार’ म्हणत. तेव्हाच्या राजधानीत, जुन्या गोव्यात, साथींनी माणसं मरत होती. पोर्तुगीज व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला आले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मग कारकून, अधिकारी, व्यापारी सगळ्यांनाच घरं लागली. डोंगर आणि खाडीच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत घराला घर लागून वस्ती वाढली, म्हणून गल्ल्या अशा.

सी-२०१ केरकर काकू: आणि मळ्यात आहात तर वर मारुतीच्या देवळात जाऊन या. मारुतीचं देऊळ आणि सेंट सेबास्तियनचं चॅपल एका फेरीत होतं. भाचरांना हे दाखवच.

बी-३०२ सावंत वहिनी: वा काकू! सासूबाईही येणार म्हणतायत, गुडघ्यांचं काय?

ए-१०४ परब: देवळाच्या पायऱ्या त्यांना नकोत. खालची वस्ती बरीचशी सपाट आहे, हळूहळू चालू दे.

डी-४०३ निखिल: काकू, पांढरं घर का दिसत नाही तिथं? मागच्या वेळी माझ्या मित्राने विचारलं होतं.

सी-२०१ केरकर काकू: छान विचारलंस. पोर्तुगीज काळात पांढरा रंग चर्चसाठी राखलेला, घरांना रंग द्यायचाच. चुन्यात निळी, काव किंवा पिवळी माती कालवून भिंती सारवत. आपल्या पावसात चुना टिकत नाही, हिरवी बुरशी धरते, म्हणून पावसाळा सरला की दरवर्षी पुन्हा हात द्यायचा. आता बऱ्याच ठिकाणी डब्यातला रंग आलाय. मला जुना चुनाच आवडतो, त्याचा रंग उन्हात डोळ्यांना टोचत नाही.

पण रंगापेक्षा खिडक्या बघ. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी चपटे शिंपले असत, लाकडाच्या बारीक चौकटीत एकेक सरकवलेले. काच महाग होती आणि शिंपले नदीत मिळत. एखाद्या खिडकीत शिंपले गळून तिथं काच बसवलेली दिसेल. संध्याकाळी आत दिवा लागला की काचेतून तो सरळ डोळ्यांत येतो, शेजारच्या शिंपल्यातून मात्र दुधासारखा पसरतो. ते बघायला मी कितीदा थांबलेय.

बी-१०१ देसाई: चॅपलमधला क्रूस नक्की दाखवा. जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशी न्यायालयाच्या, वाड्यातला आहे. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झालं, तेव्हा तो पणजीच्या राजवाड्यात आणला आणि १९१८ मध्ये या चॅपलमध्ये. ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. चौकशीला उभ्या केलेल्या माणसाला धाक बसावा म्हणून तसे ठेवले, असं सांगतात. मुलांना इन्क्विझिशन म्हणजे काय ते आधी घरी सांगा, नाहीतर ती नुसती मूर्ती बघून पुढं जातील. आणि ३१ जानेवारीच्या नावाचा रस्ता लागतो ना, ती तारीख १८९१ सालची, पोर्तुगालच्या पोर्तो शहरात प्रजासत्ताकवाद्यांनी उठाव केला त्या दिवसाची.

डी-४०३ निखिल: माझी ताई तिथं प्री-वेडिंग शूट करायचं म्हणतेय. निळ्या घरासमोर भारी येतात फोटो.

सी-२०१ केरकर काकू: बाळा, हे मनापासून सांगते. ती लोकांची राहती घरं आहेत. माझी एक मैत्रीण तिथं राहते. तिच्या पायरीवर अनोळखी माणसं बसतात, बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, चढतात, कपडे बदलायला आडोसा मागतात, दुपारी झोपेच्या वेळी जोरजोरात हाका मारतात. दार उघडून बाहेर यायला तिला संकोच वाटतो. ‘फोटो काढू नये’ अशा पाट्या लोकांनी हौसेनं लावलेल्या नाहीत.

ई-२०२ गावकर: काकू, पण रस्ता तर सगळ्यांचा आहे. आणि पर्यटकांवर तिथल्या बेकऱ्या, खानावळी, राहण्याच्या जागा चालतात.

सी-२०१ केरकर काकू: चालतात, मान्य. म्हणून तर जा म्हणतेय. रस्त्यावरून चालत घरं बघा, बेकरीत खरेदी करा, पाटी असेल तिथं कॅमेरा खिशात ठेवा. कोणी बाल्कांवात बसलं असेल तर ‘देव बरो दीस दिवं’ म्हणा, बहुतेक वेळा गप्पाच सुरू होतात. पण कुणाच्या दारात उभं राहून अर्धा तास शूट करायला त्या घरच्यांची परवानगी लागते. आपल्या लिफ्टसमोर कोणी रोज तसं केलं तर याच ग्रुपवर किती मेसेज येतील!

ई-२०२ गावकर: हे पटलं.

डी-४०३ निखिल: ताईला सांगतो. मिरामारच्या किनाऱ्यावर जाऊ दे.

बी-३०२ सावंत वहिनी: मग शनिवारी सकाळी सातला निघू? ऊन चढायच्या आत होईल.

ए-१०४ परब: सात छान. सासूबाईंसाठी आमची घडीची खुर्ची न्या, आज रात्री आणून देतो.

सी-२०१ केरकर काकू: आणि आधी बेकरीत जा गं, पोई (गोव्याचे पाव) लवकर संपतात. माझ्यासाठी चार आण.