मजेत उतरलेलं वजन : तुमचे अनुभव सांगा

आबोली_ठाणे
काल माळा आवरताना जुन्या पर्समध्ये वजनाचं कार्ड निघालं. रेल्वे स्टेशनवर ती मोठाली यंत्रं असायची ना, लाल-पिवळे दिवे, गरागरा फिरणारी चकती, नाणं टाकलं की खटकन पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला नटी, दुसऱ्या बाजूला भविष्य. माझ्या कार्डावर ७४ किलो आणि स्वभाव दिलदार असल्याची ग्वाही. दादरला मैत्रिणींनी हौसेने उभं केलं होतं. आकडा बघितल्यावर सगळ्या एकदम इंडिकेटरकडे बघायला लागल्या.

धाकटा तेव्हा दुसरीत. पहाटे उठून डबे, लोकल, दिवसभर खुर्ची. माझा डबा चांगलाच असायचा, पोळी-भाजी-कोशिंबीर. घोळ डब्याबाहेरचा होता. लेडीज डब्यात रोज कोणाचं तरी काहीतरी, वाढदिवसाचे सामोसे, पावलेल्या देवाचे पेढे. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, कारण घरी जाऊन कणीक भिजवेपर्यंत जीव जायचा. आणि रात्री मुलांच्या ताटातलं उरलेलं "टाकायचं कसं" म्हणून माझ्याच पोटात.

त्या सुमारास मुलांना पालिकेच्या तलावावर पोहायला घातलं. मी काठावर विणत बसायची. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, नुसत्या बसून राहता तर उतरा की पाण्यात, बायकांची बॅच आहे. सुरुवातीला काठाचा बार सोडत नव्हते. पण पाण्यात कोणी "आई, माझा मोजा कुठंय" विचारत नाही हे सुख कळलं आणि मग मी पावसातसुद्धा जायला लागले. वजनासाठी म्हणून गेले असते तर पंधरवड्यात सोडलं असतं, खात्री आहे.

खाण्यात दोनच बदल. एक जास्तीचा छोटा डबा, त्यात मटकीची नाहीतर हरभऱ्याची उसळ. ती ऑफिसातून निघायच्या आधी खायची, की वडापावच्या गाडीवरून नुसता वास घेऊन पुढे जाता येतं. दुसरं तेल. चौघांना महिन्याला पाच लिटरचा डबा लागायचा, तो हळूहळू निम्म्यावर आणला. तेलाच्या एका ग्रामला ९ कॅलरी, पिठाच्या ग्रामला साधारण साडेतीन, हे कळल्यावर फोडणीकडे बघायची नजरच बदलली. घरच्यांना चवीत फरक कळला नाही, किंवा कळला तरी बोलायची टाप नव्हती.

बाराएक किलो उतरायला दीड वर्षावर गेलं. पाळी जाताना त्यातलं थोडं परत आलं, ते असो.

तुमचं कसं उतरलं? आधीचे-नंतरचे फोटो नकोत, पावडरी नकोत. मजा येत होती आणि उतरलं, असं काही असेल तर लिहा.

टेकडीवाला
पुण्याची पर्वती टेकडी. १०३ पायऱ्या. विषय संपला.

टेकडीवाला
बरं, थोडं सविस्तर. पर्वतीवर दोन पंथ आहेत. एक फेऱ्या मोजणारे, घामाघूम, कोणाशी बोलत नाहीत. दुसरे आमच्यासारखे, वर जाऊन जगाचे प्रश्न सोडवणारे. फेऱ्यावाले दर जानेवारीत नवे येतात आणि संक्रांतीनंतर दिसत नाहीत. आम्ही वर्षानुवर्षं तेच. न गेलो तर "काय रे, बरा आहेस ना" म्हणून फोन येतात, म्हणून जावंच लागतं. पोट आत गेलं ते या गप्पांमुळे. डॉक्टर म्हणाले बीपीची गोळी अर्धी करू.

खवय्या_सातारकर
आम्ही सिंहगडवाले. आतकरवाडीतून चढतो, वर पोचल्यावर कांदाभजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. वजन जैसे थे. पण मजा येते हा निकष असेल तर आमचा पहिला नंबर.

झेंडू
😂😂 खवय्या, भज्यांच्या किती प्लेटी ते नाही लिहिलंत

खवय्या_सातारकर
त्या मोजायच्या नसतात ताई. चढ मोजायचा.

मीनल_डोंबिवली
मंगळागौर!!! आमच्या सोसायटीचा ग्रुप आहे, आषाढ लागला की प्रॅक्टिस सुरू. झिम्मा, पिंगा, बसफुगडी, आगोटापागोटा, लाट्या बाई लाट्या, कोंबडा. ज्यांना हे बायकांचं नाजूक काम वाटतं त्यांनी एकदा बसफुगडी घालून दाखवा. उकिडवं बसून एकेक पाय पुढे टाकत उड्या मारायच्या आणि तोंडाने गाणंही म्हणायचं. दुसऱ्या दिवशी कमोडवर बसता येत नाही, मांड्या अशा भरून येतात.

माझी सासू ६४ वर्षांची, आमच्यात सगळ्यात चपळ. तिला घेऊन सुपारी घ्यायला लागलो तेव्हा (म्हणजे कार्यक्रमाची सुपारी हो, काहीतरी समजाल) श्रावणात आठवड्याला तीन-तीन कार्यक्रम. नऊवारीचा काष्टा सैल पडायला लागला तेव्हा कळलं कंबर उतरलीये. अडचण एकच, प्रत्येक घरी कार्यक्रमानंतर मसालेभात आणि जिलबी. आम्ही यजमानांना आधीच सांगतो, आम्हाला भाजणीचं थालीपीठ आणि ताक द्या. बायका खूश होतात, काम वाचतं.

झेंडू
मीनल सासूबाईंना साष्टांग नमस्कार. माझी सासू मला दळण आणायला पाठवते आणि म्हणते चालणं होतं तुझं

अनु_जर्सी
वाचतेय. इकडे सध्या बाहेर बर्फ आहे, चालायला मॉलमध्ये जातो. सकाळी दुकानं उघडायच्या आधी म्हातारे अमेरिकन लोक मॉलमध्ये फेऱ्या मारतात, मी त्यांच्यात सगळ्यात लहान. खरेदी होत नाही हा फायदा.
पण मला विचारायचं होतं वेगळंच. पोळी सोडून ज्वारीची भाकरी चालू केली, पोट छान भरतं, पण इथल्या देशी दुकानातल्या पिठाची भाकरी थापतानाच फाटते. काय करू?

सुगरण_नाही
पीठ जुनं असणार. जुनं झालं की विरी (चिकटपणा) जाते, मग कितीही मळा, चिरा पडणारच. उकळत्या पाण्याची उकड काढून झाकून ठेव, कोमट झाली की तळहाताने रगडून मळ. एकेका भाकरीपुरतंच मळायचं.

पावशेर
ज्वारी घ्यायची तर मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मानांकन (त्या गावचीच म्हणून सरकारी ओळख) आहे उगाच नाही. आमच्या सोलापुरात पोळी ही सणाची, भाकरी रोजची. आता शहरातले लोक मिलेट मिलेट करत तीच भाकरी चौपट भावाने खातात.

अनु_जर्सी
मंगळवेढ्याहून जर्सीला कोण पाठवणार हो 😭 उकड करून बघते. बटाटा किसून घालतात म्हणे?

सुगरण_नाही
घालतात, पण मग वजन-बिजन विसर. उकडच बरी.

स्टेथो
दोन ओपीडींच्या मध्ये लिहितोय, थोडक्यात. आपल्या लोकांना पाश्चात्त्यांचे आकडे लावू नका. भारतीयांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. त्याहून सोपं म्हणजे कंबर मोजा, बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांची ९० च्या आत. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, ही आपली खास ठेवण, आणि मधुमेह त्या पोटातूनच येतो. आठवड्याला अर्धा किलो उतरणं पुरे. फार झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात, असे दोन पेशंट याच महिन्यात पाहिले.
टेकडीवाले, गोळी डॉक्टरांनी अर्धी केली हे महत्त्वाचं, वाचणाऱ्यांनी आपापल्या मनाने करू नये.

टेकडीवाला
हो डॉक्टर. आमच्या कट्ट्यावर तीन डॉक्टर आहेत, एकाचंही एकमत नाही.

निशिगंध_
मजा वगैरे ठीक आहे पण थायरॉइड असेल तर? मी टेकडीपण केली, भाकरीपण खाल्ली. दोन वर्षं लोक "तोंड बंद ठेव म्हणजे उतरेल" म्हणत राहिले. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केली तेव्हा कळलं. गोळी सुरू झाल्यावर कुठे त्याच चालण्याला फळ यायला लागलं. सकाळी उपाशीपोटी गोळी, त्यानंतर अर्धा तास तरी काही नाही, चहासुद्धा नाही. हा चहा न पिण्याचा अर्धा तास मी गच्चीत दोरीच्या उड्या मारते, नाहीतर स्वयंपाकघरात जाऊन कपाला हात लागतो.

आबोली_ठाणे
निशिगंध, अगदी पटलं गं. "तोंड बंद ठेव" म्हणणाऱ्यांना आधी त्यांचं तोंड बंद ठेवायला सांगायचं. मलाही ऐकवलंय लोकांनी, तेही लग्नाच्या पंगतीत, हातात जिलबी धरून.

मध्यमवर्गीय
डॉ. दीक्षितांचा डाएट कोणी केला का? दोन वेळा जेवायचं, ५५ मिनिटांत संपवायचं, मध्ये पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा. मी केला. उतरलं. माझ्यासाठी त्यातली मजा म्हणजे डोकं लावावं लागत नाही. ज्यांच्यावरून दीक्षितांनी घेतलं त्या डॉ. जिचकारांचं मूळ सूत्रच तसं साधं होतं.

पावशेर
आमच्या मेव्हण्याने केला, त्या ५५ मिनिटांत तो आमरस, पुरी, श्रीखंड असं सगळं बसवायचा. घड्याळ लावून.

मध्यमवर्गीय
ते दीक्षितांनी सांगितलेलं नाही. ते मेव्हण्याचं संशोधन.

स्टेथो
मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी डॉक्टरला न विचारता दोन जेवणांवर येऊ नये. साखर एकदम खाली जाते. बाकी भांडणं चालू द्या.

वारकरी_नवखा
मी आळंदी ते पंढरपूर चाललो. जवळपास अडीचशे किलोमीटर. दिवे घाटाच्या दिवशी तर पुणे ते सासवड, सगळ्यात लांब टप्पा. वाटलं होतं निम्मा होऊन परत येईन. परत आलो तर दीड किलो वाढलेलं! वाटेत माणसं हात धरधरून खायला घालतात. शिरा, केळी, राजगिऱ्याची चिक्की, चहा, परत चहा, पिठलं, बुंदी. नाही म्हणवत नाही, माउली म्हणून पुढे करतात. पण घरी आल्यावर एक झालं, रोज संध्याकाळी पाय आपोआप बाहेर ओढतात. आता बसस्टॉपला उभा राहत नाही, दोन स्टॉप चालतो. त्याने उतरतंय हळूहळू.

झेंडू
एकादशीचं काय करता सगळे? आमच्याकडे एकादशी दुप्पट खाशी चालू आहे

मीनल_डोंबिवली
साबुदाणा बंद केला मी. नुसता स्टार्च तो, वर दाण्याचं कूट, वर तूप, वर बटाटा. भगर आणि दाण्याची पातळ आमटी, काकडीची कोशिंबीर. सासरे रुसले. मग त्यांच्यापुरती वाटीभर खिचडी करते. देवालाही चालते, त्यांनाही.

ढोल_ताशा_९
पथकात ये कोणीतरी!! ढोल कमरेला बांधून दोन तास वाजवा, जिमला जायची गरज नाही. गणपतीच्या आधी दोन महिने सराव असतो, विसर्जनापर्यंत मी सडपातळ. दिवाळीपर्यंत परत होतो तसा. यावर उपाय सुचवा

टेकडीवाला
वर्षभर गणपती बसवा.

निशिगंध_
ढोल, लेझीम धर की उरलेले महिने. आवाज कमी, दम जास्त. शेजारी आशीर्वाद देतील.

लालपरी_निवृत्त
नमस्कार. मी एसटीत कंडक्टर होतो, वाई आगार. नोकरीत कधी पोट सुटलं नाही, दिवसभर उभं राहून, गर्दीतून वाट काढत तिकिटं फाडायची. निवृत्त झालो आणि गावी आलो, कट्ट्यावर बसायचं, चहा-भडंग चालायचं. वर्षाच्या आत शर्टाची बटणं तुटायला लागली. गुडघे बोलायला लागले, चालणं होईना.

मे महिन्यात नातू आला, त्याला पोहायला शिकव म्हणाला. आमच्या मळ्यात विहीर आहे. पांगाऱ्याचा बिंडा त्याच्या पाठीला बांधला आणि मीही उतरलो, लहानपणानंतर पहिल्यांदा. पाण्यात गुडघा दुखत नाही हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. नातू जूनमध्ये गेला, मी उतरतच राहिलो. सोबतीला दोन मित्र घेतले, एकट्याने विहिरीत उतरू नये. भडंगाचा डबा मंडळींनी बंद केला, त्याच्या जागी हिरवे हरभरे, हुरडा, ओल्या शेंगा उकडून, जे शेतात असेल ते. रात्रीची एक भाकरी कमी केली. आता तुटलेली बटणं परत लावून तेच शर्ट घालतो.

आबोली_ठाणे
काका, फार छान लिहिलंत. तुम्ही विहिरीत आणि मी पालिकेच्या तलावात, पण गुडघ्यांचं मलाही तसंच कळलं होतं.

अनु_जर्सी
पांगारा म्हणजे तो लाल फुलांचा, काटेवाला? त्याचा बिंडा म्हणजे काय?

लालपरी_निवृत्त
हो ताई, तोच. लाकूड फार हलकं, वाळलं की पाण्यावर तरंगतं. हातभर लांबीचा ओंडका, दोरीने पोटाला घट्ट बांधायचा, गाठ पुढे, ओंडका पाठीवर. पोरगं बुडत नाही. सरावल्यावर ओंडका तासून तासून लहान करत जायचा, शेवटी काढूनच टाकायचा. आमच्या वेळी वाळलेला भोपळाही बांधायचे, पण तो फुटायचा.

पावशेर
आमच्याकडे सोलापूरला डालड्याचा रिकामा डबा बांधायचे. झाकण नीट लागलं नाही की काम तमाम.

झेंडू
डालड्याचा डबा आणि वजन कमी करायला 😂😂😂 हा धागा माझ्या नवऱ्याला दाखवते

अनु_जर्सी
उकड काढून केली आत्ता. फाटली नाही!! फुगलीसुद्धा एक. नवरा म्हणतो लोणी कुठाय.

सुगरण_नाही
लोणी दे, पण सुपारीएवढं. आणि उद्या पीठ मळताना मिठाचं पाणी घालू नकोस, साधंच घाल.